डॅडींच्या शेगडीवरचा हक्क

मी, हॉबर्ट लेलंड टिडवेल, वय त्र्याहत्तर, पूर्वी गालिच्यांच्या गिरणीत यंत्रदुरुस्ती करणारा आणि हल्ली कोळशाच्या शेगड्यांची गॅस्केट बदलून देणारा, राहणार डाल्टन, व्हिटफील्ड काउंटी, राज्य जॉर्जिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसं शाबूत नाहीत, पण या कामाला कायदा फुप्फुसं मागत नाही. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला या घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

कलम १. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केलं होतं, पत्नी डार्लीनबरोबर. तिचं सगळं मला आणि माझं सगळं तिला, असं ते होतं. ती आधी गेली. तिच्याकडून मला एक शिवणयंत्र, बऱ्याच टोप्या आणि हे शांत घर मिळालं. ते मृत्युपत्र मी रद्द करत आहे.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी समोर राहणाऱ्या श्रीमती जेराल्डीन ओक्स यांनी करावी. त्या कोर्टात कारकून होत्या, आता निवृत्त आहेत. आमची ओळख रस्त्यापलीकडून हात हलवण्यापुरती आहे. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "मीच का, मिस्टर टिडवेल?"

मी म्हटलं, "तुम्ही कचऱ्याचा डबा कधी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवत नाही."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं. आत तरी या." मी आत गेलो. इतकी वर्षं समोर राहून त्यांच्या घराचा दिवाणखाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या श्रमाबद्दल माझा ट्रक त्यांना द्यावा. तिसरा गिअर अडतो, जरा दमाने घ्यावा लागतो.

कलम ३. मला डार्लीनच्या शेजारी पुरावं. दगडावर माझं नाव आधीच कोरलेलं आहे, फक्त दुसरी तारीख घालायची. प्रवचन लांबवू नये.

कलम ४. डार्लीन गेली तेव्हा चर्चमधल्या बायकांनी मला काचेच्या भांड्यांतून जेवण आणून दिलं. चिकन आणि भात, शेवया आणि चीज, रताळ्याचं गोड. महिनाभर मला चूल पेटवावी लागली नाही. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव होतं. मी सगळी घासून, पुसून, दाराजवळच्या बाकावर रचून ठेवली, की कुणी न्यायला आलं तर चटकन देता यावीत, आणि आलेलं माणूस घटकाभर टेकेल. कुणी आलं नाही. मी स्वतः नेऊन द्यायला हवी होती असं कुणी म्हणेल. पण मग ती न्यायला कुणी आलंच नसतं. आता ती सगळी ज्याची त्याला पोचवावीत. शिवणयंत्र चर्चच्या महिला मंडळाला द्यावं, तेल घालून ठेवलं आहे.

कलम ५. हत्यारांबद्दल. यासाठी माझं काम काय होतं ते सांगणं भाग आहे, कारण श्रीमती ओक्स यांना कपाटातली फेल्टची वेटोळी पाहून कचरा वाटण्याची शक्यता आहे.

आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घराच्या मागे सिरॅमिकची, मोठ्या अंड्यासारखी कोळशाची शेगडी असते. खालचं भांडं आणि वरचं झाकण जिथे भेटतात तिथे कडेला फेल्टची पट्टी चिकटवलेली असते, तेच गॅस्केट. ते जागेवर असलं की हवा फक्त खालच्या दारातून आत येते, वरच्या छिद्रातून बाहेर जाते, आणि डुकराचा खांदा अख्खा दिवस मंद आचेवर राहतो. कुणी तरी हौसेने आच भडकवतं, पट्टी जळते, धूर कडेने सुटतो, आणि मग लोक मला फोन करतात. गिरणीतून निवृत्त झाल्यावर मी हे सुरू केलं. जुनी पट्टी पात्याने खरवडायची, पातं आडवं धरायचं, नाहीतर कडेचा टवका उडतो. उरलेला गोंद नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने पुसायचा. नवी पट्टी लावताना ओढायची नाही. ओढून लावली तर पुढे ती आकसते आणि टोकांमध्ये फट पडते. मग झाकण बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं. त्या दिवशी विस्तव नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. या कामात मी शेकडो लोकांच्या अंगणात गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, बर्फ घातलेला गोड चहा दिला, कुत्र्याचं नाव सांगितलं. पण ज्या दिवशी मी गेलो त्या दिवशी शेगडी पेटलीच नाही. जाताना लोक म्हणायचे, "शनिवारी या हो जेवायला, तुमच्याच पट्टीवर शिजेल." मी म्हणायचो, "येईन की." त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या स्वतःच्या मागच्या अंगणात शेगडी नाही. एकट्या माणसासाठी एवढा कोळसा कुणी पेटवत नाही.

पाती, गरम हवेची बंदूक, द्रावणाचे डबे आणि फेल्टची सगळी वेटोळी काउंटीच्या तंत्रशाळेला द्यावीत. मुलांना हवं ते त्यांनी त्यातून करावं.

कलम ६. माझे वडील, ज्यांना आम्ही दोघे भाऊ म्हातारे झालो तरी डॅडीच म्हणत होतो, त्यांच्या शेगडीबद्दल.

डॅडी हवाई दलात जपानला होते. परत येताना बाकीच्यांनी बायकांसाठी रेशमी झगे आणले, चिनी मातीचे कप आणले. डॅडींनी भाजक्या मातीची एक गुबगुबीत, झाकणवाली शेगडी आणली. आईने पेटीतला पेंढा बाजूला करून ती पाहिली आणि विचारलं, "ही माझी भेट?" पुढे कित्येक दिवस ती त्यांच्याशी आमच्यामार्फतच बोलत होती. पण पहिली कोंबडी तिच्यातून निघाली आणि आईचा राग गेला.

त्या शेगडीला मुळात गॅस्केट नव्हतं. कडेने धूर गळायचा. डॅडी गिरणीत लागल्यावर त्यांनी जाड फेल्टचा एक टाकाऊ तुकडा घरी आणला, आईच्या कात्रीने कापला आणि कडेला चिकटवला. मी झाकण धरून उभा होतो. माझा धाकटा भाऊ रॉइस गोंदाची बाटली धरून उभा होता आणि अर्धा गोंद त्याने स्वतःच्या चड्डीला लावला. मी आयुष्यात पाहिलेलं ते पहिलं गॅस्केट.

डॅडींची शेवटची वर्षं माझ्या आणि डार्लीनच्या घरी गेली. शेगडी मात्र त्यांच्या जुन्या घराच्या व्हरांड्यात होती. आम्ही दर रविवारी त्यांना तिथे न्यायचो. राख मी काढायचो, कोळसा मी भरायचो, ते खुर्चीत बसून मी चुकतो कुठे ते सांगायचे. ते हॉस्पिटलातच वारले. दफनाच्या आदल्या दिवशी मी जुन्या घरी गेलो तर रॉइस शेगडी दोरीने आपल्या ट्रकमध्ये बांधत होता.

मी म्हटलं, "अरे, आधी त्यांना मातीत तरी जाऊ दे."

तो दोरी आवळत म्हणाला, "मला दिलीय त्यांनी. हॉस्पिटलात. स्वतःच्या तोंडाने."

"ऐकलं कुणी?"

"मी ऐकलं."

"वा! चोराला साक्षीदार चोरच."

"हॉब, तोंड सांभाळ."

दोघांनीही सांभाळलं नाही. पुढचं बोलणं लिहिण्याजोगं नाही. त्यानंतर दहा-बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो चॅट्सवर्थला राहायला गेला, म्हणजे ट्रकने फार लांब नाही. त्याने दुसरं लग्न केल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. डार्लीन गेली तेव्हा मी त्याला निरोप पाठवला होता. दफनाला तो आला नाही. त्या दिवशी मी मनातून त्याचं नाव पुसून टाकलं.

डॅडींनी ती शेगडी त्याला दिली असेल यावर माझा आजही विश्वास नाही. मी शुद्धीवर आहे आणि हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता गेल्या एप्रिलची गोष्ट. क्लिफर्ड युबँक्स यांच्या हार्डवेअरच्या दुकानात फळ्यावर माझा नुसता फोन नंबर असतो, 'शेगडीचे गॅस्केट बदलून मिळेल' एवढंच वर लिहिलेलं. त्यावरून एका बाईचा फोन आला. बोलण्यावरून मेक्सिकन वाटली.

"झाकण उघडतच नाही हो. चिकटून बसलंय. माझा नवरा रोज जाऊन ओढतो आणि चिडतो. एक दिवस फुटेल. ती नाही तर तो."

मी म्हटलं, "ओढू देऊ नका. मी येतो." पत्ता चॅट्सवर्थचा होता. चॅट्सवर्थमध्ये पुष्कळ लोक राहतात, मी काही मनात आणलं नाही.

घरासमोर ट्रक थांबवला आणि व्हरांड्यात ती शेगडी दिसली. झाकणाच्या उजव्या बाजूला टवका होता. तो माझ्या सायकलने उडालेला, मी दुसरीत असताना. मी इंजिन बंद केलं नाही. परत फिरावं असं मनात होतं. तेवढ्यात दार उघडून रॉइस बाहेर आला. पायात सपाता, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. ट्रकच्या खिडकीशी येऊन त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोण रे तू?" त्याने विचारलं.

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी समोरच्या काचेतून पाहत राहिलो.

"अरे बोल की. काही विकायला आलास का? आम्हाला देव आहे, विमा आहे, व्हॅक्यूम क्लीनरही आहे."

तेव्हा त्याचे डोळे पाहिले. त्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं, फक्त एका अनोळखी माणसाला पाहून होते तेवढीच करमणूक.

मागून त्याची बायको आली, हात पुसत. "सॉरी हं, त्याला हल्ली आठवत नाही. मी मारिसेला. तुमचं नाव?"

मी म्हटलं, "लेलंड." ते खोटं नव्हतं, माझं मधलं नाव आहे ते.

झाकण डॅडींच्याच फेल्टमुळे चिकटलं होतं. चरबी आणि गोंद वितळून दगड झाला होता. मी कडेने गरम हवा फिरवत पातं सरकवत गेलो. रॉइस खुर्ची ओढून जवळ बसला आणि मी चुकतो कुठे ते सांगू लागला. अगदी डॅडींसारखं. झाकण सुटलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

मी खरवडता खरवडता विचारलं, "कुणाची ही शेगडी?"

"डॅडींची. मला दिली त्यांनी."

"एकटाच का तू?"

"छे! हॉब आहे ना. मोठा. एक नंबरचा हट्टी. त्याचं चुकलं तर म्हणतो, जगाचं चुकलं." तो हसला. "पण राख काढावी तर त्यानेच. मला नाही जमत तसं. मी काढली की सगळी सदऱ्यावर."

"कुठे असतो?"

"डाल्टनला. कामात असतो. येईल."

मी खाली मान घालून खरवडत राहिलो. फेल्टच्या खाली डॅडींनी लावलेला तपकिरी गोंद होता. तो निघायला दुपार गेली. नवी पट्टी लावली, झाकण बंद केलं.

रॉइस म्हणाला, "पेटव आता."

"आज नाही. गोंद धरायला हवा. उद्या."

"मग उद्या येशील?"

हे वाक्य मी पुष्कळ अंगणांत ऐकलं होतं, पण विचारल्यासारखं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "येईन." आणि खरंच गेलो.

दुसरा दिवस शनिवार होता. गॅस्केट नीट बसलं की नाही हे पाहायला आम्ही एक डॉलरची नोट कडेवर ठेवतो, झाकण बंद करतो आणि नोट ओढून पाहतो. घट्ट धरली असेल तर काम चोख. मी नोट ठेवली, रॉइसला म्हटलं, "ओढ." त्याने ओढली. नोट हलेना. मी झाकण उचललं. त्याने नोट उचलून शांतपणे खिशात घातली.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"माझ्या शेगडीत सापडली," तो म्हणाला.

मारिसेला दारात उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवशी मंद आचेवर कोंबडी शिजवली. मक्याची भाकरी, शेंगांचं लोणचं, तिने केलेली हिरव्या मिरच्यांची झणझणीत चटणी. मी बसवलेल्या गॅस्केटवर शिजलेलं अन्न मी पहिल्यांदाच खाल्लं.

त्यानंतर मी दर शनिवारी गेलो. गॅस्केट तपासायचं निमित्त. रॉइस दर वेळी विचारायचा, "कोण रे तू?" मी म्हणायचो, "गॅस्केटवाला." मग तो म्हणायचा, "बरं झालं आलास, धूर सुटतोय." धूर कधीच सुटत नव्हता. दर वेळी नोट त्याच्या खिशात जायची.

जुलैत एकदा रॉइस खुर्चीत झोपला असताना मारिसेला भांडी विसळत म्हणाली, "मिस्टर लेलंड, आता तरी त्याला खरं नाव सांगा."

मी ताट पुसत होतो, ते पुसतच राहिलो.

ती म्हणाली, "पहिल्या दिवशीच चालण्यावरून शंका आली. तुम्हाला मी आधी पाहिलं होतं, लांबून. तुमच्या मिसेस गेल्या तेव्हा."

"तेव्हा तो आला नव्हता," मी म्हटलं.

"आला होता. मीच गाडी चालवत होते. दफनभूमीच्या फाटकाशी थांबलो. काळा कोट घालून बसला होता. मी म्हटलं, उतर ना. तर म्हणाला, हॉबने सगळ्यांसमोर हाकलून दिलं तर? सगळं आटपून तुम्ही गाडीत बसेपर्यंत तिथेच होतो आम्ही. मग म्हणाला, चल."

मी ताट खाली ठेवलं. तिने पाणी दिलं. मग म्हणाली, "आमच्यात नवऱ्याच्या भावाला कुन्यादो म्हणतात. मी म्हणू का?" मी मान हलवली. तेव्हापासून मी तिचा कुन्यादो.

पुढच्या शनिवारी मी रॉइसच्या समोर बसलो आणि म्हटलं, "रॉइस, मी हॉब आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गडगडून हसला. "तू? अरे, हॉब तुझ्यापेक्षा देखणा आहे."

"म्हातारा झालो रे."

"नाही नाही." त्याचं हसू गेलं. तो शेगडीकडे पाहायला लागला. "हॉब नाही येणार. तो रागावलाय माझ्यावर."

"नाही रागावलेला."

"तुला काय माहीत? तू गॅस्केटवाला." मग पुढे वाकून, मारिसेलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "तुला भेटला कुठे तर सांग त्याला. म्हणावं, शेगडी घेऊन जा. मला नको. पण एकदा ये म्हणावं."

मी म्हटलं, "सांगतो."

भावाने मला बोलावलं होतं, आणि मी त्याच्या समोर बसलेलो असताना त्याला ते कळवायचा मला मार्ग नव्हता. पुढेही दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा तो घाबरला, उठून आत गेला आणि मारिसेलाला म्हणाला, बाहेरचा माणूस खोटं बोलतोय, त्याला जायला सांग. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. गॅस्केटवाला म्हणून मला तिथे जेवण होतं, खुर्ची होती, आणि आम्ही दोघं हसत होतो. हॉब म्हणून काहीच नव्हतं.

तेव्हा या कलमान्वये लिहून देतो की, वर वर्णन केलेल्या शेगडीवर माझा जो काही हक्क, हिस्सा वा दावा होता, किंवा आहे असं मी आजवर म्हणत आलो, तो मी रॉइस याच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. डॅडींनी ती त्याला दिली होती की नव्हती, हा प्रश्न मी निकाली काढत नाही. तो विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

कलम ७. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मला चित्रं दाखवली आणि फुप्फुसांतला डाग दाखवला. त्या बाई तरुण होत्या. "घरी कोण आहे तुमच्या?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शनिवारी असतात माणसं." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. मारिसेलाला मी सप्टेंबरात सांगितलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, सकाळी अंधारात उठते, आणि तेवढा वेळ शेजारीण रॉइसकडे बघते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि तुमच्याकडे कोण बघतं, कुन्यादो?" मी विषय बदलला.

माझं राहतं घर विकावं. त्यातून येईल ते, आणि बँकेत असेल ते, सर्व श्रीमती मारिसेला टिडवेल यांना द्यावं. तिने त्यातून आधी शाळेतली नोकरी कमी करावी. ही अट नाही, विनंती आहे. ती हट्टी आहे, आमच्या घरात आल्यावर तो गुण लागतोच.

कलम ८. शनिवारबद्दल.

मी गेल्यावर शनिवारी रॉइसकडे कुणी तरी जायला हवं. मी बसून नावं आठवून पाहिली. गिरणीतले बहुतेक गेले. चर्चमध्ये ज्यांना विचारता येईल अशांशी माझं बोलणं हवापाण्यापलीकडे कधी गेलेलं नाही. मी कागदावर एकही नाव लिहू शकलो नाही. म्हणून वरील रकमेतून एक माणूस पगारावर ठेवावा. पगारी माणूस म्हणजे काय ते मला कळतं. नसण्यापेक्षा तो बरा.

त्या माणसाने पुढील गोष्टी पाळाव्यात. रॉइसने "कोण रे तू?" विचारलं तर "गॅस्केटवाला" म्हणावं. धूर सुटतोय म्हणाला तर कडेने बोट फिरवून "हो, जरासा" म्हणावं. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर 'हे मागे सांगितलंत' असं म्हणू नये, आणि चड्डीला गोंद लागल्याच्या गोष्टीला हसावं. नोट झाकणात ठेवावी. खिशात गेली की परत मागावी, आणि मिळाली नाही की डोक्याला हात लावावा, त्याशिवाय त्याला मजा येत नाही. दोनदा वाढून घ्यावं. मारिसेलाशीही बोलावं. ती दिवसभर रॉइसचंच ऐकते, तिचं ऐकायला कुणी नसतं.

हॉबचा विषय रॉइसनेच काढला, तर त्या माणसाने एवढंच म्हणावं: "भेटला होता मला. तो रागावलेला नाही." रॉइसने विश्वास ठेवला नाही तरी दर वेळी म्हणावं.

गॅस्केट पुन्हा जळेलच, सगळीच जळतात. तेव्हा नवं लावायला कुणी मिळालं नाही तर जुनं नीट खरवडून काढावं आणि शेगडी तशीच वापरावी. थोडा धूर गळेल. डॅडींनी कित्येक वर्षं तसंच भागवलं होतं.

कलम ९. मी गेल्याचं रॉइसला सांगू नये. हॉब गेला असं सांगितलं तर तो रडेल, आणि दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा विचारेल, आणि पुन्हा रडेल. ते मला नको. दफनाला त्याला आणू नये. मारिसेलाला यायचं असेल तर तिने यावं, आणि फाटकाशी न थांबता आत यावं.

दोन-तीन शनिवार तो विचारेल, गॅस्केटवाला आला नाही का. कामावर गेलाय म्हणून सांगावं. मग नवा माणूस येईल, आणि तो मीच आहे असं रॉइस समजेल. तसं झालं म्हणजे मारिसेलाने वाईट वाटून घेऊ नये. मी वाटून घेतलेलं नाही. पुष्कळ विचार करून हे लिहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिला आहे. सही मात्र हार्डवेअरच्या दुकानात, दोन साक्षीदारांसमोर करत आहे, कारण ज्यांना यातून काही मिळणार नाही अशी दोन माणसं शोधायला मला दुसरी जागा सुचली नाही.

ठिकाण: डाल्टन, जॉर्जिया
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) हॉबर्ट लेलंड टिडवेल

साक्षीदार पहिला: हॉबर्ट यांनी माझ्यासमोर, माझ्या गल्ल्याच्या फळीवर सही केली. मी त्यांना फार वर्षं ओळखतो, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून. त्यांना एक भाऊ आहे हे मला आज कळलं.
(सही) क्लिफर्ड युबँक्स

साक्षीदार दुसरा: मी खिळे घ्यायला दुकानात आलो होतो. या गृहस्थांना यापूर्वी कधी पाहिलेलं नाही. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. सही झाल्यावर त्यांनी विचारलं, जेवलात का. मी नाही म्हणालो. आम्ही आता पलीकडच्या खाणावळीत जात आहोत.
(सही) एल्मर जे. स्टॅनफिल